प्रश्न घरचा, अवजार परमुलखाचे

निपाणी गाव कर्नाटकात आणि गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, हे बाहेरच्या माणसाला सांगितले की कागदावर रेघ ओढून दाखवावी लागते. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणींपैकी एक देवचंदला गेली आणि दुसरीने गावातल्याच बागेवाडी महाविद्यालयात नाव घातले, तर पहिलीच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का येतो आणि दुसरीच्या पदवीवर बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. 2010 साली हे विद्यापीठ निघण्यापूर्वी तोच शिक्का धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा असे. गल्ली एक, बोलणे एक, आणि कागदपत्रे दोन राज्यांची.

या दुहेरी मुलखातली मुले आता संशोधनासाठी परदेशी जाऊ पाहतात. त्यांतल्या अनेकांची अडचण सारखीच असते: पदवी एका विषयाची आणि मन दुसऱ्यात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर काम करायचे असते. इंग्रजी साहित्य शिकलेल्या मुलाला मराठी आणि कानडीची सरमिसळ कशी होते ते तपासायचे असते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात चार वर्षे काढलेल्या अभियंत्याच्या डोक्यात खानापूरच्या जंगलातून वाहणाऱ्या म्हादईचे पाणी असते. घरून पैसे मिळण्यासारखे नसतात. तेव्हा प्रवास, शुल्क आणि राहण्याखाण्याचा खर्च उचलणारी फेलोशिप हाच मार्ग उरतो, आणि पहिलाच प्रश्न येतो: माझ्या विषयाबाहेरचा अर्ज कुणी वाचेल तरी का?

त्यावर दोन उत्तरे सर्रास दिली जातात. विषय बदलला की अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो, हे एक. हल्ली परदेशात सगळे आंतरविद्याशाखीयच चालते, विषयाची काळजीच करू नको, हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी मुलांचे नुकसान होते. पहिल्याने चांगली मुले अर्जच करत नाहीत. दुसऱ्याने ती अपुऱ्या तयारीचा अर्ज पाठवतात आणि नकार आला की स्वतःच्या गावाला दोष देतात. जुनी उदाहरणे आणि आजच्या योजनांचे नियम एकत्र ठेवून पाहिले तर मला वेगळेच चित्र दिसते. विषय बदलणाऱ्याला पैसे मिळतात ते त्याचा प्रश्न पक्का असेल तर. प्रश्न तोच ठेवून तो सोडवायचे साधन बदलायला निघालेला माणूस निवड समितीला पटतो. प्रश्न आणि साधन दोन्ही एकदम बदलणारा पटत नाही.

आपल्याकडचे पहिले ठळक उदाहरण बेळगावपासून आंबोलीचा घाट उतरले की लागणाऱ्या मुलखातले आहे. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, जन्म 1893 चा. त्यांचा विषय संस्कृत, त्यात त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.ए. उत्तम यशाने मिळवली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. 1919 साली पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागले आणि मुंबई शहराच्या वाढीवर त्यांनी गेडिससाठी एक निबंध लिहिला. गेडिस यांनी शिफारस केली आणि समाजशास्त्राच्या परदेशी शिक्षणासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती या संस्कृतच्या माणसाला मिळाली.

आजच्या अर्जदाराने या गोष्टीत तीन बाबी पाहाव्यात. शिष्यवृत्ती मागण्याआधी घुर्यांनी नव्या विषयातले एक काम करून दाखवले होते. शिफारस नव्या विषयातल्या माणसाची होती, संस्कृतच्या गुरुजींची नव्हे. तिसरी बाब मला सर्वांत मोलाची वाटते. लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही, तेव्हा ते केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ हॅडन आणि रिव्हर्स यांच्याकडे गेले आणि 1922 साली तिथून पीएच.डी. घेतली. यजमान मार्गदर्शक चुकला तर तो बदलण्याचे धैर्य त्यांच्यात होते. परत आल्यावर 1924 पासून त्यांनी मुंबईचा समाजशास्त्र विभाग उभा केला. 1932 साली आलेल्या जातिसंस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथात संस्कृतचे शिक्षण ओळीओळीत कामाला आलेले दिसते. जुना विषय टाकून द्यावा लागला नाही, तोच त्यांचे बळ ठरला.

घुर्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे आल्या. फर्ग्युसनमधून 1926 साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., मग मुंबईला घुर्यांकडे चित्पावनांवर प्रबंध, आणि 1928 साली थेट बर्लिन. तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली विषय होता मानवी कवटीची विषमता. तत्त्वज्ञानाकडून कवट्यांच्या मोजमापापर्यंतची ही उडी आजही धाडसाचीच वाटेल. त्यांना फेलोशिप नव्हती. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर त्या गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या बेताला विरोध होता, पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले असल्याने पाठीशी उभे राहिले. फिशर यांचा ओढा वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताकडे होता. युरोपीय कवट्यांची विषमता वेगळी असते आणि तिचा बुद्धीशी संबंध असतो, असे त्यांना दिसायला हवे होते. इरावतीबाईंच्या मोजमापात तसा वांशिक फरक आढळला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले.

परक्या विषयात शिरणारा माणूस नवखा असतो, हे खरे. पण त्या विषयाच्या गृहीतकांवर त्याचे मन अजून बसलेले नसते. त्याला जे स्पष्ट दिसते ते मुरलेल्याला कधीकधी दिसत नाही. उत्तम निवड समित्यांना हे ठाऊक असते, म्हणून त्या बाहेरच्या माणसाला जागा ठेवतात. मात्र त्या माणसाने मोजमाप शिकलेले असले पाहिजे. इरावतीबाई कवट्या मोजायला शिकल्या म्हणूनच त्यांच्या नकाराला वजन आले.

बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण निपाणीला जवळचे आहे. एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी ते निपाणीला आले होते. त्याच्या बारा वर्षे आधी, 1913 साली, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5 आणि मानववंशशास्त्राचे 4 होते. जातींच्या उत्पत्तीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला गेला. अर्थशास्त्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या वर्गात बसून आपल्या घरच्या प्रश्नावर लिहिले.

गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी हे याच परंपरेतले. ते गणिती. 1948-49 साली युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले ते गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी. आणि जुन्या आहत नाण्यांची वजने मोजून त्यांवर संख्याशास्त्र लावण्याचे त्यांचे काम आज इतिहासाचे विद्यार्थी शिकतात.

उलट दिशेने आपल्या मुलखात आलेला एक माणूसही आठवावा. जॉन गम्पर्झ मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे अमेरिकेत भाषाशास्त्राकडे वळले आणि 1954 साली पीएच.डी. झाले. रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास केला. तिथले मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक शब्द आपापले वापरतात, पण वाक्याची ठेवण तिन्ही भाषांत जवळपास एकच झाली आहे, असे त्यांनी दाखवले. 1971 साली छापलेला हा निबंध भाषासंपर्काच्या अभ्यासात जगभर वाचला जातो. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावच्या शहापूर-वडगावात ही सरमिसळ रोज कानावर पडते. घरात मराठी, बाजारात कानडी, दवाखान्यात दोन्ही आणि मोबाइलवर इंग्रजी, असे बोलणाऱ्या मुलाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? इंग्रजी साहित्याच्या त्या विद्यार्थ्याने अर्जात विषय का बदलतो याचे समर्थन करत बसू नये. आपण कोणत्या तीन गावांत, कोणत्या वयाच्या किती लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणार आणि त्याचे विश्लेषण करायला परदेशातल्या कोणत्या विभागात शिकणार, एवढे लिहिले तरी समर्थन आपोआप होते.

आता आजच्या योजना. विषय बदलणे कोणत्या पायरीवर सोपे आणि कोणत्या पायरीवर अवघड, हे आधी समजून घ्यावे.

सर्वांत मोकळी पायरी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेत किमान तीन देशांतली विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात, आणि त्यांतले कित्येक अभ्यासक्रम विषयांच्या सांध्यावरच बेतलेले असतात. शुल्क माफ असते आणि राहण्यासाठी महिना 1,400 युरो मिळतात. ब्रिटनची चीव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्ससाठी असते. तिच्यात विषयाचे बंधन सैल आहे, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत अर्जदाराला विकासाच्या ठरवून दिलेल्या सूत्रांपैकी एकाखाली आपले काम बसवावे लागते. त्यामुळे तिथे विद्याशाखेइतकेच, किंबहुना जास्त, वजन प्रश्नाला असते. सीमाभागातून अर्ज करणाऱ्यांनी या योजनेचा अधिक विचार करावा असे मला वाटते.

पीएच.डी.ची पायरी अवघड. युरोपातल्या बऱ्याच देशांत पीएच.डी. म्हणजे पगारी नोकरीच असते. जाहिरातीत लागणारी कौशल्ये लिहिलेली असतात आणि ती नसतील तर पत्रात कितीही कळकळ असली तरी उपयोग होत नाही. अशा वेळी मधला मार्ग असतो, आणि तो आपल्याकडे फार कमी जण वापरतात. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप भारतातच पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला सहा ते नऊ महिन्यांसाठी अमेरिकेत पाठवते. पदवी इथल्याच विषयात राहते. नवे साधन मात्र तिथे शिकता येते. राणी चन्नम्मा विद्यापीठात इतिहासात नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने नकाशाशास्त्र किंवा संगणकीय मजकूर-विश्लेषण शिकायला जाणे यात अडचण नाही, फक्त ते साधन आपल्या प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणाला लागते हे त्याने दाखवावे. फुलब्राइटलाही दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट जोडलेली आहे. बडोद्याच्या करारासारखी ती दहा वर्षांची नाही, पण सही करताना घरच्यांना माहीत असावी.

पीएच.डी. झालेल्यांसाठी युरोपची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप ही सर्वांत मोठी स्पर्धा. 2024 च्या फेरीत 10,360 अर्ज आले आणि 1,696 जणांची निवड झाली. 2025 मध्ये अर्ज 17,058 वर गेले. अर्ज यजमान संस्थेसोबत करावा लागतो. अंतिम तारखेआधीच्या छत्तीस महिन्यांत त्या देशात बारा महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. गुणांची विभागणी संशोधनाच्या दर्जाला पन्नास टक्के, परिणामाला तीस आणि अंमलबजावणीला वीस अशी असते. अर्जदाराने आपला प्रस्ताव आठ शास्त्रीय गटांपैकी कोणत्या गटात टाकायचा ते स्वतः ठरवायचे असते. विषयाबाहेरच्या अर्जाचे भवितव्य पुष्कळदा इथेच ठरते. वखारीतल्या बायकांच्या आरोग्यावरचा प्रस्ताव जीवविज्ञानाच्या गटात गेला तर परीक्षक नमुन्यांची संख्या आणि चाचण्या पाहतो. तोच समाजशास्त्र-मानव्यविद्यांच्या गटात गेला तर तो त्या बायकांचे काम, मजुरी आणि संघटना पाहतो. प्रस्ताव एकच असला तरी त्याचे दोन वेगळे मसुदे करून, दोन वेगळ्या विषयांच्या माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय गट निवडू नये. या योजनेत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: यजमानाकडून संशोधक काय शिकणार आणि यजमानाला काय देणार, ही दुहेरी देवघेव तिथे विचारली जाते. कानडी-मराठी दोन्ही येणारा, गावातल्या बायकांशी दुभाष्याशिवाय बोलणारा संशोधक यजमानाला जे देतो ते त्याला दुसरीकडून मिळत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपलाही विषयाचे किंवा देशाचे बंधन नाही, तिथेही सारी मदार यजमानाच्या संमतीवर.

सरकारी योजनांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ज्यांना घरचा आधार नाही त्यांची भिस्त यांच्यावरच असते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी 125 जागा असतात: 115 अनुसूचित जातींसाठी, 6 विमुक्त व भटक्या-अर्धभटक्या जमातींसाठी, 4 भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय पस्तिशीच्या आत. 2022 साली या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय योजनेतून वगळले गेले. असे विषय भारतातच चांगले शिकता येतात, हे त्यामागचे कारण सांगितले गेले.

हे कारण मला पटत नाही. कोलंबियातला 1916 चा जातींवरचा निबंध या नियमात बसत नाही. घुर्यांचे केंब्रिजचे काम बसत नाही. भारतावरचा अभ्यास भारताबाहेर करण्याचे कारण विषयात नसते. ते साधनात, ग्रंथालयात, मार्गदर्शकात आणि इतर देशांशी तुलना करण्याच्या सोयीत असते. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याची जुनी कागदपत्रे मुंबई-पुण्यात आहेत तशीच इंडिया ऑफिसच्या दप्तरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. निपाणीच्या एखाद्या दलित किंवा भटक्या कुटुंबातल्या मुलीला आपल्याच समाजाचा इतिहास त्या कागदांतून लिहायचा असेल, तर ज्या योजनेवर तिचा पहिला हक्क तीच तिला नाही म्हणते. हा नियम मागे घेतला जावा. तो आहे तोवर अर्जदाराने आपला प्रश्न सार्वजनिक आरोग्य, श्रम-अर्थशास्त्र, पर्यावरण यांच्या साधनांनी मांडता येतो का ते प्रामाणिकपणे पाहावे. प्रामाणिकपणे म्हणतो, कारण नुसते नाव बदललेला प्रस्ताव मुलाखतीत टिकत नाही.

राज्यांच्या योजनांत सीमाभागाची खरी कोंडी होते. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा सारथीची मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती यांना महाराष्ट्राचा रहिवास लागतो. निपाणीत राहून अर्जुननगरला शिकलेल्या मुलाकडे महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची पदवी असते, रहिवास मात्र कर्नाटकचा. त्याने कर्नाटकच्या समाजकल्याण खात्याच्या प्रबुद्ध योजनेकडे किंवा मागासवर्गीयांसाठीच्या परदेश शिष्यवृत्तीकडे पाहावे. तिथे सूचना कानडीत असतात, पण निपाणीच्या मुलाला कानडी वाचता येणे हे या कामात थेट पैशांच्या मोलाचे आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राने वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशात जागा दिल्या, 2023 साली आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरवले. संशोधनासाठीच्या परदेश शिष्यवृत्तीतही या गावांना स्पष्ट शब्दांत जागा मिळायला हवी. ही मागणी मेळाव्यांच्या ठरावांत मला ऐकू यायला हवी आहे.

या मुलखात प्रश्नांची टंचाई नाही. निपाणीचा तंबाखू घ्या. धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र निपाणीत आहे, ते पिकाकडे पाहते. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, तो अर्थकारणाचा आणि राज्यशास्त्राचा प्रश्न. वखारीतल्या बायकांच्या संघटनेवर युगांतर या चित्रपटगटाने 1982 साली माहितीपट केला, तो श्रमाचा आणि स्त्री-अभ्यासाचा. भारताने 2004 साली मान्यता दिलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराचे सतरावे कलम तंबाखूवर जगणाऱ्यांसाठी पर्यायी उपजीविका शोधा असे सांगते. म्हणजे तो जिनिव्हापर्यंतचा प्रश्न. या चारही बाजू एकाच गावात आहेत, आणि आपण मात्र त्या चार वेगवेगळ्या विभागांत वाटून टाकल्या. पर्यायी उपजीविकेवर तुलनात्मक काम करायचे तर मलावी, ब्राझील, झिंबाब्वे अशा तंबाखू पिकवणाऱ्या देशांचे अभ्यासक जिथे जमतात अशा परदेशी विद्यापीठात जाणे भागच आहे. रसायनशास्त्राच्या मुलीने इथे आपली पदवी लपवू नये. वखारीतल्या हवेतली धूळ मोजणे तिला येते, ते समाजशास्त्राच्या पदवीधराला येत नाही.

बेळगावात तर असे काम झालेलेही आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत जिल्ह्याच्या खेड्यांत 1,620 बाळंतिणींवर मिझोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. गोळी देणाऱ्या होत्या गावच्या परिचारिका. या एका चाचणीत स्त्रीरोगशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या आणि ग्रामीण समाजाची जाण एकत्र आली होती. संख्याशास्त्रातून आरोग्याकडे वळू पाहणाऱ्या बेळगावच्या मुलाला परदेशी यजमानाला पत्र लिहिण्याआधी आपल्याच शहरात सहा महिने काम करण्याची सोय आहे. पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय संस्थाही बेळगावात आहे.

अशा छोट्या कामाचा उपयोग अर्जात सर्वांत जास्त होतो. घुर्यांच्या निबंधाची जागा आज तेच घेते: नव्या विषयातले एक छापलेले किंवा छापण्याजोगे टिपण, एखादे छोटे सर्वेक्षण, ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकलेले संख्याशास्त्र स्वतःच्या माहितीवर लावून दाखवणे. तीन शिफारसपत्रांपैकी एक तरी नव्या विषयातल्या माणसाचे असावे. जुन्या विषयाच्या प्राध्यापकांना नुसते पत्र मागू नये, आपला आराखडा त्यांना वाचायला द्यावा. विद्यार्थी मेहनती व सुस्वभावी आहे, या धाटणीची पत्रे आपल्याकडे अजून दिली जातात आणि त्यांनी चांगले अर्ज बुडतात. विद्यार्थ्याने कोणता प्रयोग कसा फसल्यावर पुन्हा कसा केला, हे सांगणारे अर्धे पान त्याहून कितीतरी मोलाचे.

यजमानाला लिहायचे पत्रही छोटे असावे. त्याचा एक लेख खरोखर वाचलेला असावा आणि त्यातल्या कोणत्या पद्धतीची आपल्याला गरज आहे ते दोन वाक्यांत यावे. उत्तर न येणे नेहमीचेच आहे, त्याचा अर्थ लायकीशी जोडू नये. आराखड्यात विषयबदलाची हकिकत एका परिच्छेदाहून लांबू नये. बाकी जागा प्रश्नाला आणि पद्धतीला द्यावी. आणि गावाबद्दल लिहिताना सीमावादाची सगळी कहाणी सांगण्याचा मोह आवरावा. परदेशी परीक्षकाला दोन भाषा, दोन राज्यांचे कायदे आणि एकच बाजारपेठ एवढे कळले की पुरे.

परवानग्यांकडे फार उशिरा लक्ष जाते. मानव्यविद्यांतून विज्ञानाकडे वळणाऱ्यांना तर त्या माहीतही नसतात. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहांत राहणारे रॉटनचे वटवाघूळ जगात दुर्मीळ मानले जाते. त्याचे नमुने, रक्त, अगदी वनस्पतीचे पानसुद्धा परदेशी प्रयोगशाळेत नेण्याआधी 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. अभयारण्यात पाऊल टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी. परदेशी निधीच्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरच्या यंत्रणेतून केंद्रीय छाननी समितीची मान्यता लागते. या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून कामाच्या वेळापत्रकात त्या पहिल्या रकान्यात दिसल्या पाहिजेत. परीक्षकाला त्यातून कळते की अर्जदाराला नवा विषय बाहेरून नव्हे, आतून ठाऊक आहे.

राहिला परतीचा प्रश्न, आणि घरचे लोक सर्वांत आधी तोच विचारतात. परदेशातून दुसऱ्याच विषयाची पदवी घेऊन आलेल्याला इथे नोकरी कोण देणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट लागत नाही. पण जागा निघतात त्या विषयवार. एम.एस्सी. रसायनशास्त्रात आणि पीएच.डी. सार्वजनिक आरोग्यात असलेल्या मुलीला रसायनशास्त्राच्या विभागात बाहेरची म्हणतात आणि समाजशास्त्राच्या विभागात अपात्र. आयोगाने जानेवारी 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यात मात्र पदवीचा विषय वेगळा असला तरी पीएच.डी.च्या किंवा नेटच्या विषयात शिकवण्याची मुभा सुचवली होती. असा नियम अमलात आणून तो जाहिरातीत उतरवण्याचे काम विद्यापीठांचे आहे.

बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ एकाच महामार्गावर आहेत, आणि निपाणी त्या दोहोंच्या मध्ये आहे. दोन्हीकडे परदेशात शिकून आलेले प्राध्यापक आहेत. वर्षातून दोनदा, फुलब्राइट आणि युरोपच्या फेऱ्यांआधी, या प्राध्यापकांनी निपाणीत एकत्र बसून दोन्ही बाजूंच्या मुलांचे मसुदे वाचले तर त्याला कुठल्या शासन निर्णयाची गरज नाही. रसायनशास्त्राच्या मुलीचा मसुदा समाजशास्त्राच्या बाईंनी वाचावा, भाषेच्या मुलाचा संख्याशास्त्राच्या सरांनी. पहिल्या बैठकीला खोली आणि चहा द्यायला देवचंद किंवा बागेवाडी, दोहोंपैकी कुठलेही महाविद्यालय चालेल.